छपराखालील अरण्य

न्यूयॉर्क शहरांतील ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयांत 1985 सालीं ‘जंगलवर्ल्ड’ नांवाची एक विलक्षण इमारत उघडण्यांत आली. बाहेर बर्फ पडत असतां आंत आशियांतील उष्ण अरण्य नांदत असतें. जावा बेटांतील वानर, गिबन, अजगर, इतकेंच नव्हे तर आपल्या चंबळा नदींत आढळणारी लांब तोंडाची सुसरही तेथें आहे. पुष्कळशीं झाडें मात्र मनुष्याच्या हातचीं! मुंबईस भायखळ्याच्या उद्यानांत याच्या उलट प्रकार पाहावयास मिळतो. तेथें 2016 सालीं आणलेल्या पेंग्विन पक्ष्यांकरितां थंड घर बांधावें लागलें.

हा खटाटोप व्यर्थ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. न्यूयॉर्कच्या बालकास वानर दुसऱ्या कोणत्या रीतीनें दिसणार? परंतु भंडाऱ्याच्या बालकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या घराच्या कवेलूंवर वानर येऊन बसतो, आणि तें त्यास दगड मारतें किंवा बिस्किट फेकतें. धानाच्या बांधींत धामण दिसली कीं काठी घेऊन सारें गांव धांवतें. पुढें उंदीर धान खातात तेव्हां दैवास बोल लावावयाचा! आणि हेंच लोक सहल मोठ्या शहरांतील प्राणिसंग्रहालयास न्यावी असा आग्रह धरितात.

आमच्या मतें सहल कोक्यास न्यावी. कोका अभयारण्य 2013 सालीं घोषित झालें असून तें आपल्याच जिल्ह्यांत आहे. “तेथें कांहीं दिसलें नाहीं तर पैसे फुकट गेले,” असें पालक म्हणतील. प्राणी दिसेलच अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं, हें खरें. परंतु वानर झाडावर कोंवळीं पानें खातो, निम्मीं खालीं टाकितो, आणि तीं खावयास चितळ गोळा होतात. बिबट्या दिसतांच वरून वानर खेंकसतो आणि खालचा कळप सावध होतो. हा शेजारधर्म कोणत्या छपराखालीं मांडून दाखवितां येईल? नोहानेंही प्राणी तारवांत घेतले ते पाणी ओसरल्यावर बाहेर सोडण्याकरितांच.

पावसाळ्यांत अभयारण्य बंद असतें. तेव्हां दिवाळीनंतरचा दिवस ठरवावा. डबा घरचा असावा, आणि उरलेली पोळी वानरापुढें टाकूं नये.