चर्मकील : दाहकर्मापूर्वी निदान

यवतमाळ, पुसद, वणी किंवा उमरखेड येथील कोणत्याही वैद्यास चामखिळीचा रुग्ण नवा नाही. पुष्कळदा तो बिब्बा अथवा चुना-सोडा लावून कातडी भाजून घेतल्यावरच आपल्याकडे येतो. खुडलेली चामखीळ पुन्हा का उगवते, याचे उत्तर जनुकशास्त्राने दिले आहे. ते वैद्यवर्गाने व औषधालयचालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आमचे मत आहे.

सुश्रुताचार्यांनी चर्मकीलाचे वर्णन अर्शनिदानातच केले आणि मेढ्र व योनी येथील अंकुरांचा विचारही तेथेच केला. अशा अनेक अंकुरांच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा विषाणू असतो, हे आज सिद्ध आहे. सूक्ष्म जखमेतून तो त्वचेच्या तळच्या थरात शिरतो. वर सरकताना ज्या पेशीने विभाजन थांबवावयाचे, तिचा ‘आरबी’ हा लगाम विषाणूचे ई-७ प्रथिन सैल करते. विभाजनाची जनुके जागृत राहतात आणि थर जाड होतो. विषाणूचे कवच घडविणारी जनुके मात्र वरच्या थरातच व्यक्त होतात. म्हणूनच क्षाराने पृष्ठभाग गेला तरी तळाशी बीज उरू शकते.

जननेंद्रियावरील सुमारे ९० टक्के चामखिळी ६ व ११ या प्रकारांच्या असतात. त्यांचे ई-६ प्रथिन ‘पी-५३’ या रक्षकाचा नाश करीत नाही. वाढ सहसा सौम्यच राहते. १६ व १८ हे प्रकार मात्र त्याचा नाश करतात. पुष्कळदा त्यांचा डीएनए रुग्णाच्या गुणसूत्रात शिरतो, ई-२ चे नियंत्रण तुटते आणि घातक जनुके मोकाट सुटतात. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांचे कारण हे दोन प्रकार होत. एकाच स्त्रीस दोन्ही गटांचा संसर्ग असू शकतो. सबब बाहेरचा अंकुर जाळून गर्भाशयमुखाची तपासणी न सुचविणे ही अर्धवट चिकित्सा होय.

अशा तपासणीचे मोल महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

औषधालयचालकांस एक विनंती. हळदीतील कर्क्युमिनने प्रयोगशाळेतील पेशींमध्ये ई-६ व ई-७ यांची अभिव्यक्ती घटते, असे आढळले आहे. परंतु काचपात्रातील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. त्या बळावर ‘विषाणुनाशक’ वा ‘कर्करोगहर’ असे वेष्टनावर छापणे शास्त्रास धरून नाही; कर्करोग बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या कायद्याने निषिद्धच आहे. तीव्र क्षारही वैद्याच्या चिठ्ठीवाचून कोणाच्या हाती देऊ नये.

क्षारकर्म व अग्निकर्म ही आपली समर्थ शस्त्रे आहेत. मात्र अंकुर कोणता, कोठला आणि कोणाचा, हे ठरल्यावाचून ती उचलू नयेत. आधी रोगपरीक्षा, मग औषध, ही आपल्याच शास्त्राची शिकवण आहे.