बोधचिन्ह आपले, पाया परक्याचा : साबच्या मोटारीचा उदय आणि अस्त

१९ डिसेंबर २०११ रोजी स्वीडनमधील ‘साब ऑटोमोबाइल’ने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्या दिवशी कंपनीकडे कारखाना होता, तीन हजारांहून अधिक कर्मचारी होते, जगभर विखुरलेला निष्ठावान ग्राहकवर्ग होता आणि चीनमधील गुंतवणूकदार पैसे घेऊन दाराशी उभे होते. नव्हता तो एकच अधिकार : आपल्याच मोटारीतील तंत्रज्ञान नव्या मालकाच्या स्वाधीन करण्याचा. तो ‘जनरल मोटर्स’ या अमेरिकी कंपनीकडे होता आणि तिने परवाना देण्यास साफ नकार दिला. साठ वर्षांहून अधिक काळ मोटारी घडवलेल्या कंपनीला आपल्या मोटारीच्या भवितव्याचा करार करता आला नाही, कारण त्या मोटारीचा पाया तिचा राहिलेला नव्हता.

या अस्ताची दोन स्पष्टीकरणे नेहमी ऐकू येतात. साबचे चाहते म्हणतात, जनरल मोटर्सने तिचा गळा घोटला. व्यवस्थापनशास्त्राचे पंडित म्हणतात, छांदिष्ट अभियंत्यांची ती छांदिष्ट मोटार होती आणि बाजाराने तिचा हिशेब चुकता केला. पहिल्यात सारा दोष परक्याचा, दुसऱ्यात सारा दोष कल्पकतेचा. दोन्ही स्पष्टीकरणे सोयीची आहेत आणि म्हणूनच अपुरी आहेत. तंत्रज्ञान उसने घेणे आणि तंत्रज्ञानाची समज उसनी घेणे यांतला फरक त्यांपैकी एकालाही दिसत नाही. साबच्या कहाणीचे मर्म नेमके त्या फरकात आहे, आणि भारतातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ती वाचायची तीही त्यासाठीच.

आरंभ विमानांपासून होतो. साब ही १९३७ साली लष्करी विमाने बांधण्यासाठी स्थापन झालेली कंपनी. दुसरे महायुद्ध संपत आले तशी विमानांची मागणी ओसरणार हे उघड झाले आणि कंपनीने मोटारीचा विचार सुरू केला. गुन्नार युंगस्ट्रॉम हा अभियंता, सिक्स्टेन सासोन हा रेखनकार आणि मोजकी माणसे एवढ्यावर काम उभे राहिले. त्यांतल्या बहुतेकांना मोटार चालवण्याचा परवानाही नव्हता, अशी आख्यायिका पुढे कंपनीत कौतुकाने सांगितली जाई. ती खरी असो वा नसो, या लोकांना मोटारींच्या उद्योगातल्या रूढी ठाऊक नव्हत्या, हवेचा प्रवाह मात्र नीट ठाऊक होता. त्यांनी आखलेल्या पहिल्या नमुन्याचा आकार विमानाच्या पंखाच्या छेदाची आठवण करून देणारा होता. त्याचा कर्षण गुणांक ०.३० च्या आसपास होता. आजच्या कित्येक मोटारी याच पातळीवर आहेत. त्या काळच्या सामान्य मोटारी मात्र याच्या दीडपट किंवा त्याहून अधिक रोध सोसत धावत. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणूनच १९४९ च्या डिसेंबरात उत्पादनात आलेली ‘साब ९२’ अवघ्या २५ अश्वशक्तीच्या द्विघाती इंजिनावरही ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकत असे. इंजिनाची उणीव आकाराने भरून काढली होती.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तिथे साबने उघड उघड उसनवारी केली. १९६० च्या दशकात द्विघाती इंजिन कालबाह्य ठरले, तेव्हा ‘साब ९६’मध्ये फोर्डच्या जर्मन शाखेचे व्ही-४ इंजिन बसवले गेले. १९६७ साली सादर झालेल्या ‘साब ९९’चे इंजिन ब्रिटनच्या ‘ट्रायम्फ’ मोटारींसाठी होत असलेल्या रचनेतून आले होते. उसनवारी हेच पाप असते, तर साबचा अंत तेव्हाच व्हायला हवा होता. घडले ते उलट. साबच्या अभियंत्यांनी ट्रायम्फचे इंजिन खोलले, त्याचे दोष शोधले, ते पुन्हा आखले आणि १९७२ पासून आपल्याच कारखान्यात बनवायला घेतले. ते पूर्ण कळल्यावरच त्यांनी त्यावर टर्बो बसवला.

टर्बोची कल्पना साबची नव्हती. धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंनी चक्र फिरवायचे आणि त्याच्या जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबायची, ही युक्ती विमानांत, मालमोटारींत आणि शर्यतीच्या गाड्यांत वापरली जात होती. पण तेव्हाच्या टर्बो मोटारी अतिवेगाच्या हौशींसाठी होत्या. इंजिन जोरात फिरू लागले की मगच त्यांना बळ येई. पेर गिलब्रांड यांच्या गटाने प्रश्नच बदलला. कुटुंबाच्या मोटारीला रोजच्या वेगात, ओलांडून जाताना, चढ चढताना बळ मिळावे म्हणून त्यांनी लहान टर्बाइन निवडले आणि दाब मर्यादेत ठेवणारी झडप जोडली. १९७७ साली लोकांसमोर आलेल्या ‘९९ टर्बो’ने दोन लिटरच्या इंजिनातून १४५ अश्वशक्ती दिली. दाब वाढला की सिलिंडरमधील मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच पेट घेते आणि इंजिन ठोके देऊ लागते. ही टर्बोची जुनी व्याधी. १९८२ साली साबने त्यावर उपाय आणला. इंजिनाच्या ठोकळ्यावरील संवेदक ठोक्याची कंपने ऐकतो आणि नियंत्रक तेवढ्यापुरता दाब उतरवतो. इंधन चांगले असो वा सुमार, इंजिन आपली मर्यादा स्वतः शोधते. लहान इंजिन, टर्बो आणि ठोक्याचा संवेदक हे त्रिकूट आज भारतीय रस्त्यांवरच्या असंख्य मोटारींत आहे.

आता साबचा स्वतःचा दोष. तो झाकणारे चाहते तिच्यावर अन्यायच करतात. द्विघाती इंजिनाचा हट्ट कंपनीने फार काळ धरला. ‘९९’चा सांगाडा थोड्याफार फरकाने ‘९००’च्या रूपात १९९३ पर्यंत चालवला, एका पायावर पंचवीस वर्षे काढली. ‘९०००’साठी इटलीच्या फिआटबरोबर पाया वाटून घेतला, पण त्यात इतके बदल केले की वाटणीतून अपेक्षित बचत हाती लागली नाही. वर्षाला लाख-सव्वा लाख मोटारी विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक नव्या पिढीचा संशोधनखर्च थोड्याच मोटारींवर वसूल करावा लागतो. हे साधे अंकगणित अभिमानाने सुटत नाही. ज्ञान होते, पण ते पुन्हा पेरण्यासाठी लागणारे भांडवल साठवले गेले नाही. १९८९ च्या अखेरीस जनरल मोटर्सने सुमारे ६० कोटी डॉलरला निम्मा हिस्सा घेतला, तो एका थकलेल्या कंपनीचा होता. उरलेला निम्मा २००० साली १२.५ कोटी डॉलरला गेला.

त्यानंतर जे झाले ते ‘सुसूत्रीकरण’ या गोड नावाने झाले. १९९३ ची नवी ‘९००’ ओपेल व्हेक्ट्राच्या पायावर उभी होती. इंजिने, नियंत्रक आणि सुरक्षेच्या रचना यांत साबचे अभियंते अजूनही आपले कसब ओतत होते. मागून धडक बसताच मान सावरणारी आसनाची उशी त्यांनी १९९७ साली आणली. पण कोणता पाया घ्यायचा, कोणते संशोधन पुढे न्यायचे आणि कोणते गुंडाळायचे, हे ठरवणारे टेबल आता अमेरिकेत होते. २००० साली जिनिव्हात साबने एक विलक्षण इंजिन दाखवले. त्याचा वरचा भाग किंचित कलत असे आणि त्यामुळे संपीडन गुणोत्तर चालू इंजिनात ८ पासून १४ पर्यंत बदलता येई. ते उत्पादनात आले नाही. बदलत्या संपीडनाचे इंजिन, वेगळ्या यंत्रणेने का होईना, निस्सानने २०१८ च्या सुमारास बाजारात आणले. साबच्या वाट्याला मधल्या काळात आली सुबारू इम्प्रेझाला साबचा मुखवटा चढवलेली ‘९-२एक्स’ आणि शेव्हरोले ट्रेलब्लेझरवर बेतलेली ‘९-७एक्स’. ट्रायम्फच्या इंजिनापासून टर्बोपर्यंत पोहोचणारी कंपनी आता परक्या मोटारीच्या नाकावर आपले चिन्ह ठोकत होती. दोन्ही वेळा उसनवारीच झाली. पहिल्या वेळी उसने घेतलेले उघडून पाहण्याचा आणि बदलण्याचा अधिकार हाती होता; दुसऱ्या वेळी नव्हता.

या अधिकाराची किंमत साबला आधीच कळली होती आणि त्या प्रसंगात भारतही होता. १९७० च्या दशकात भारत दूरवर मारा करणारे विमान शोधत होता आणि साबचे ‘व्हिगेन’ स्पर्धेत होते. व्हिगेनचे इंजिन स्वीडनमध्ये बनत असले, तरी त्याचे मूळ अमेरिकेतील ‘प्रॅट अँड व्हिटनी’च्या प्रवासी विमानाच्या इंजिनात होते. १९७८ साली अमेरिकेने भारताला ते विकण्यास परवानगी नाकारली. भारताने अखेर ब्रिटिश-फ्रेंच जॅग्वार घेतले. विमानाचा आराखडा स्वीडनचा, ग्राहक राजी, विक्रेता राजी. नकार मात्र तिसऱ्याचा. तेव्हा मोटारी आणि विमाने एकाच कंपनीत बनत होती. तेहतीस वर्षांनी मोटारींच्या बाबतीत हाच नकार पुन्हा ऐकू आला. २००९ च्या आर्थिक पडझडीनंतर जनरल मोटर्सने साब हातावेगळी करायला घेतली. जुन्या ‘९-३’ आणि ‘९-५’चे तंत्रज्ञान चीनच्या ‘बीजिंग ऑटोमोटिव्ह’ला गेले आणि २०१० च्या आरंभी उरलेली कंपनी ‘स्पायकर’ या छोट्या डच कंपनीच्या पदरात पडली. २०११ मध्ये पुरवठादारांची देणी थकली, उत्पादन थांबले, पगार लांबले. चिनी गुंतवणूकदार पुढे आले तेव्हा जनरल मोटर्सने चीनमधील आपल्या व्यवसायाला धोका नको म्हणून परवाना अडवला. कायद्याच्या दृष्टीने तिचे चुकले असे म्हणता येत नाही. जे तिचे होते तेच तिने राखले.

यावर एक आक्षेप हमखास येईल : आजच्या जगात एवढीशी कंपनी एकटी कशी टिकणार? परक्या भांडवलाशिवाय गत्यंतर काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्वीडनमध्येच आहे. व्होल्वोच्या मोटारी १९९९ मध्ये फोर्डकडे आणि २०१० मध्ये चीनच्या गीलीकडे गेल्या. मालक परकाच. पण गीलीच्या काळात सुमारे १,१०० कोटी डॉलरची गुंतवणूक झाली आणि व्होल्वोने आपला नवा पाया आणि आपली इंजिनमालिका स्वतः विकसित केली. २०१४ ची ‘एक्ससी९०’ त्यावर उभी राहिली. भांडवल परके असूनही आराखड्याचा हक्क घरात राहू शकतो, एवढे यातून सिद्ध होते. अर्थात तो कराराच्या आधी मागून घ्यावा लागतो, दिवाळखोरीच्या दिवशी नव्हे.

भारतात आज ‘स्वदेशी’ हा शब्द विज्ञानाच्या बातम्यांत रोज वाचायला मिळतो. ‘तेजस’ची रचना भारतीय आहे, यात शंका नाही आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. पण त्याचे इंजिन अमेरिकेच्या ‘जनरल इलेक्ट्रिक’चे आहे. २०२१ साली नव्या तेजससाठी ९९ इंजिनांचा करार झाला. त्यातले पहिले इंजिन हाती यायला मार्च २०२५ उजाडला आणि विमानांचे वेळापत्रक त्या प्रतीक्षेत लांबले. ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ पासून सुरू आहे. २००८ साली तो तेजसपासून वेगळा करण्यात आला. साबच्या ‘ग्रिपेन’नेही जनरल इलेक्ट्रिकच्या त्याच मालिकेचे इंजिन घेतले होते, पण एकाच इंजिनावर उडणाऱ्या विमानाच्या गरजांनुसार स्वीडनने त्यात बदल करून घेतले. तेवढा हक्क मिळवण्यासाठीही इंजिनाची समज घरात असावी लागते, आणि ती दहा-वीस वर्षांच्या खर्चाविना येत नाही.

देशाचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास अडकलेला आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. रक्कम मोठी आहे. तिच्यातून ट्रायम्फचे इंजिन उघडून पाहणाऱ्या प्रयोगशाळा उभ्या राहतील की परक्या सांगाड्यावर चिन्ह ठोकणारे कारखाने, हे अजून ठरायचे आहे. ‘पाया बाहेरून घ्या, वरचे आपण करू’ असे सांगणारे स्वतःला व्यवहारी म्हणवतात. त्यांनी ट्रॉलहेटानच्या कारखान्याचा ताळेबंद वाचावा. विद्यार्थ्यांनी मात्र प्रत्येक स्वदेशी बातमीला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. याचा आराखडा बदलण्याचा हक्क कोणाकडे आहे? हे तिसऱ्या देशाला विकायचे झाल्यास कोणाची सही लागेल? आणि पुढची पिढी घडवण्याचा खर्च कोणी, किती वर्षांसाठी बांधून ठेवला आहे?

साबच्या मोटारींचा शेवट दिवाळखोरीवरही थांबला नाही. २०१२ मध्ये ‘नेव्ह्स’ या नव्या कंपनीने कारखाना विकत घेतला आणि २०१३ च्या अखेरीस काही मोटारी पुन्हा बाहेर पडल्या. वर्षभरात तीही अडचणीत आली आणि विमाने बनवणाऱ्या मूळ साबने २०१४ मध्ये नाव वापरण्याची तिला दिलेली मुभा काढून घेतली. पाया आधीच गेला होता. मग नावही गेले. विमाने बनवणारी साब आजही तेच नाव लावते आणि ग्रिपेन आजही उडते आहे.