बिऱ्हाड वेठीस

बिऱ्हाड हलविणाऱ्या कंपन्यांविषयीची गाऱ्हाणी आता नित्याची झाली आहेत. ठरलेला दिवस उलटतो, तरी मालमोटार येत नाही. आलीच, तर दाराशी थांबवून वाढीव पैशांची मागणी होते. सारा संसारच दुसऱ्याच्या ताब्यात असताना गृहस्थाने घासाघीस ती काय करावी? २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याने नोंदणी सक्तीची केली; परंतु जादा जोखीम-दर आगाऊ ठरविला नसेल, तर भरपाई सामान्यतः भाड्याच्या दहापटीपुढे जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते, हे खरे. पण निकालापर्यंत निजावे कशावर? अडविलेला माल त्याच दिवशी सोडविणारी यंत्रणा उभारणे हे सरकारचे कर्तव्य होय.