हिवरे बाजार पैशाने नव्हे, नियमांनी सावरले



‘आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव सरकारी निधी आणि एका नेत्यामुळे घडले, इतरांना ते जमणार नाही’ अशा आशयाचे पत्र वाचले. ते पटले नाही. १९८९ मध्ये सरपंच झालेल्या पोपटराव पवार यांचे नेतृत्व मोलाचेच. पण पाणलोटाची कामे अनेक गावांत झाली, निधीही आला. फरक पडला तो ग्रामसभेने पाळलेल्या बंधनांमुळे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीने डोंगर हिरवा झाला, चारा वाढला, दूध वाढले. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचे व जनावरांचे पाणी राखायचे, उरेल त्यावर पिके ठरवायची. १९९५ मध्ये येथे दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबे होती. २०१० पर्यंत ती ३ वर आली.

भूजल सामाईक असते. एकाने खोल बोअर घेतली की शेजारच्या गरिबाची विहीर आटते. म्हणून गरिबी हटवायची तर बंधारे बांधून थांबता येणार नाही, उपशावरही गावाचा अंकुश हवा. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामसभेने यंदा पेरणीपूर्वी पाण्याचा हिशेब मांडावा, ही कळकळीची विनंती.

— एक शेतकरी वाचक, पारनेर, जि. अहिल्यानगर