रोहिणीचे पाणी आणि नगरपालिकांचे करार



सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात दिले आहे, ते आपण विहारात ऐकले असेल. रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून राजपुत्र घर सोडून गेला ही कथा त्यांनी मान्य केली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्या सीमेवर रोहिणी नदी होती व दोघांची शेती तिच्याच पाण्यावर पिकत होती. पाणी प्रथम कोणी घ्यावे यावरून तंटा पेटला आणि शाक्यसंघापुढे युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने सुचविले की, दोन माणसे आपण निवडावीत, दोन कोलीयांनी निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा. संघाने ही सूचना बहुमताने फेटाळली.

या प्रसंगाकडे कायद्याच्या दृष्टीने पाहा. शेजारी दोन, पाणी एक, आणि निवाड्यासाठी उभय पक्षांची समिती! आज ज्यास नगरपालिकांचा सामाईक सेवा करार म्हणतात, त्याचे मूळ रूप हेच आहे. मात्र त्या सूचनेचा प्राण एका गोष्टीत होता: दोन्ही काठांची माणसे सारख्या संख्येने एकाच बैठकीत बसावयाची होती. आजच्या करारांतून नेमका हाच प्राण काढून घेतला जात आहे, ही आमची तक्रार आहे.

प्रत्येक लहान शहराने स्वतःचे धरण बांधावे, स्वतःचे कचराकेंद्र उभारावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. चार नगरपालिकांनी मिळून खर्च वाटून घ्यावा हे योग्यच आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीदेखील सुमारे ५० किलोमीटरच्या टापूतील शहरांनी खर्च वाटून घेऊन सामाईक भरावभूमी करावी, अशी सोय ठेवली होती. परंतु खर्च सर्वांत वाटला जातो, लाभही वाटला जातो, तर मग दुर्गंधी मात्र एकाच वस्तीच्या वाट्याला का येते? भरावभूमीची जागा ठरविताना बोट नकाशावर कोठे थांबते? पाटलाच्या वाड्यामागे ते कधी थांबले आहे काय? ते थांबते गावकुसाबाहेर. कारण तेथील जमीन स्वस्त असते आणि तेथील माणसाचा आवाज त्याहून स्वस्त समजला जातो.

पाण्याचेही तसेच. मुंबईची तहान भागविणारी तानसा आणि भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. आणि त्याच तालुक्यातील कित्येक आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. जलवाहिनी दारावरून जाते, पण दाराशी थांबत नाही. यास 'प्रादेशिक हित' असे नाव आहे. ज्या प्रदेशाच्या हितात त्या प्रदेशातील दुर्बळ माणूस मोजला जात नाही, तो प्रदेश कोणाचा, हे विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

आता घटना काय सांगते ते समजून घ्या. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या १ जूनपासून अंमलात आली. तिच्या २४३-टी या अनुच्छेदाने नगरपालिकांत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मिळाल्या. धर्मांतराने हा हक्क गेला असे कोणी सांगत असेल तर त्यास १९९० चा कायदा दाखवा. त्या कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचे स्थान मान्य झाले आहे. परंतु नगरपालिकेच्या वर जिल्हा नियोजन समिती आणि महानगर नियोजन समिती आहे. पाण्याची वाटणी, जागेचे नियोजन, रस्ते-गटारांचा एकत्रित विकास, म्हणजे ज्या बाबी अनेक गावाशहरांच्या सामाईक आहेत, त्यांचा विचार घटनेने या समित्यांकडे सोपविला. जिल्हा समितीत चार-पंचमांश आणि महानगर समितीत दोन-तृतीयांश सभासद निवडून आलेले असावेत, असेही घटना म्हणते. पण त्यांत अनुसूचित जातींचे किती असावेत, हे या दोन अनुच्छेदांत कोठेही लिहिलेले नाही. समित्यांची रचना राज्याच्या कायद्यावर सोडली आहे. म्हणजे खालच्या सभागृहात आपली खुर्ची घटनेने पक्की केली, आणि निर्णय जसजसा वरच्या मजल्यावर चढत गेला तसतशी ती खुर्ची खालीच राहिली.

त्यात २०२२ नंतर राज्यातील अनेक महानगरपालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. सभागृहच नसेल, तर राखीव जागेवरचा सभासद बोलणार कोठे?

कोणी म्हणेल, ठराव आणि आराखडे ही कागदी बाब आहे. तिच्यासाठी एवढा आक्रोश कशाला? त्यांना महाडची आठवण द्यावी लागेल. चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली केला होता. तो कागदावरच पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहस्रावधी लोकांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तो कागद जिवंत झाला. आणि लगेच ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने दुसरा ठराव करून पहिला रद्द केला! पुढे दिवाणी दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय आपल्या बाजूने दिला. ठरावाच्या दोन ओळींची किंमत किती असते, ते या दहा वर्षांना विचारा. ज्या समाजाचा मुक्तिसंग्राम नगरपालिकेच्या तळ्यावर सुरू झाला, त्याने नगरपालिकेच्या कागदाकडे पाठ फिरवावी, हे शोभत नाही.

कागदाला उत्तर कागदानेच द्यावे लागते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराच्या विकास योजनेचा मसुदा तयार झाला की त्याची सूचना राजपत्रात व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती व सूचना मागवाव्या लागतात. प्रादेशिक योजनेसही हाच मार्ग आहे. परंतु कलम २८ मधील एक अट आपल्या लोकांना ठाऊक नसते. हरकत घेणाऱ्यास नियोजन समितीपुढे आपले म्हणणे तोंडी मांडण्याची संधी मिळते, पण ती त्याने मागितली असेल तरच! म्हणून अर्जाच्या शेवटी स्पष्ट लिहा: 'मला समक्ष सुनावणी हवी आहे.' हे एक वाक्य न लिहिल्यामुळे खऱ्या हरकती फाईलीत मुक्या पडून राहतात.

मागावयाचे काय, हेही नीट ठरवा. त्या कायद्याच्या कलम २२ मध्ये शाळा, दवाखाने, बाजार, धार्मिक इमारती यांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. तेव्हा विहारासाठी जागा मागणे ही भिक्षा नव्हे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा, दुर्बळ घटकांच्या हिताचे रक्षण आणि स्मशानभूमी ही सारी नगरपालिकेची कामे म्हणून नोंदली आहेत. आपल्या मृतास बौद्ध विधीने सन्मानाचा निरोप देण्यासाठी जागा मिळत नसेल, तर ती उणीव आराखड्यात दाखवून द्या. अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक पाणी किंवा स्मशान नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेही विसरू नका.

'हा तज्ज्ञांचा विषय आहे, अडाण्यांनी त्यात पडू नये,' असे आपणांस ऐकविले जाईल. नळाची जाडी किती असावी हे तज्ज्ञाने सांगावे. नळ कोणत्या आळीपर्यंत जावा हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि न्यायाच्या प्रश्नात तहानलेला मनुष्य अडाणी नसतो. 'हरकतींमुळे विकास अडतो,' असेही म्हणतील. ज्या विकासास तीस दिवसांची चौकशी सोसत नाही, त्याच्या पोटात काहीतरी लपविण्यासारखे आहे असेच समजावे.

पण दोष केवळ त्यांचाच आहे काय? कमानीसाठी आणि पुतळ्यासाठी आपण नगरपालिकेवर मोर्चा नेतो. विकास योजनेचा नकाशा भिंतीवर लागतो तेव्हा तो पाहण्यास आपल्यातील दहा माणसेही जात नाहीत. राखीव जागेवर निवडून गेलेला आपला सभासद करार न वाचता हात वर करतो, आणि त्यास जाब विचारणारा कोणी नसतो. त्याहून घातक गोष्ट म्हणजे, कचऱ्याचा डोंगर दाराशी उभा राहिला की आपल्या घरांतून अजूनही 'नशीब आपले' असा सुस्कारा निघतो. नशिबाची ही भाषा आपण दीक्षाभूमीवर टाकून आलो आहोत. कारणावाचून कार्य नाही, ही तथागतांची शिकवण आहे. त्या डोंगरालाही कारण आहे; त्याला ठरावाचा क्रमांक आहे, तारीख आहे, सही आहे. माहितीच्या अधिकाराने ती प्रत मागवा, आणि नशीब कोणाच्या सहीने लिहिले गेले ते वाचा.

आमच्या मागण्या तीन आहेत. सामाईक सेवेचा कोणताही करार मंजूर होण्यापूर्वी तो मराठीत प्रसिद्ध होऊन बाधित वस्तीच्या सभेपुढे वाचला जावा. जिल्हा व महानगर नियोजन समित्यांत अनुसूचित जातींचे प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या प्रमाणात कायद्यानेच बांधून द्यावे. आणि ज्या वस्तीवर भार पडेल तिला त्या सेवेचा लाभ प्रथम मिळावा, ही अट प्रत्येक करारात असावी.

मागण्या मान्य होईपर्यंत थांबू नका. प्रत्येक विहारात तीन माणसांची समिती नेमा. तिच्यात एक भगिनी असलीच पाहिजे, कारण पाण्याचा हिशेब तिच्याइतका कोणास ठाऊक नसतो. नगरपालिकेचा सूचनाफलक दर आठवड्यास वाचणे, सूचना वस्तीत वाचून दाखविणे आणि मुदतीच्या आत हरकत दाखल करून पोच घेणे, एवढेच तिचे काम.

सिद्धार्थाच्या बाजूने त्या दिवशी संघात बहुमत नव्हते. तरीही त्याने आपला विरोध सर्वांसमक्ष नोंदविला. आपणही तेवढे तरी करू या.

जय भीम!