अर्ज यंत्राकडे, पोच कोणाकडे?

कचेऱ्या-कारखान्यांतील रजेचा कागदी अर्ज झपाट्याने नाहीसा होत आहे. मायक्रोसॉफ्टच्या फॉर्म्स आणि पॉवर ऑटोमेट यांसारख्या साधनांनी कोणताही विभागप्रमुख, संगणकाचे विशेष शिक्षण नसतानाही, रजा, पाळीबदल किंवा सुरक्षा-साधने यांच्या मागणीचा नमुना उभारू शकतो. कारकुनी श्रम वाचतात, हे मान्यच केले पाहिजे. कामगार चळवळीचे यंत्राशी वैर नाही. प्रश्न आहे तो नमुना कोण आखतो आणि नोंद कोणाच्या हाती राहते, हा.

कागदी अर्जाची दुसरी प्रत आवक-शिक्का घेऊन कामगाराकडे परत येई. ती पोच म्हणजे निव्वळ उपचार नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ७९ व्या कलमाने प्रौढ कामगाराची शिल्लक रजा पुढील वर्षात नेण्यास ३० दिवसांची मर्यादा घातली. मात्र मागूनही न मिळालेली रजा मर्यादेविना पुढे नेण्याचा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही तो हक्क आहे. परंतु तो बजावायचा तर रजा मागितली होती आणि ती मिळाली नाही, या दोहोंचा पुरावा हवा.

नव्या व्यवस्थेत हा पुरावा आपोआप हाती येत नाही. फॉर्म्समध्ये भरलेल्या मजकुराची प्रत अर्जदाराला मिळावी की नाही, हे नमुना तयार करणारा ठरवितो. पॉवर ऑटोमेटमध्ये मंजुरीसाठी गेलेल्या अर्जावर ३० दिवसांत निर्णय झाला नाही, तर ती प्रक्रियाच संपुष्टात येते. नकार नाही, कारण नाही, सहीही नाही! आणि कामावरून कमी केलेल्या कामगाराचे खाते बंद झाले, की स्वतःच्याच अर्जांचे दार त्याला बंद होते.

म्हणून संघटनांनी या प्रश्नाकडे तांत्रिक बाब म्हणून दुर्लक्ष करता कामा नये. प्रत्येक अर्जाला क्रमांक व तारखेसह पोच मिळावी, ती कामगाराला स्वतःजवळ जपता यावी, मुदतीत उत्तर न आल्यास नकाराची नोंद व्हावी आणि नमुना लागू करण्यापूर्वी संघटनेशी विचारविनिमय व्हावा, या मागण्या वाटाघाटींत आल्या पाहिजेत. रजेचे कारण लिहिल्यावाचून कामगाराचा अर्ज पुढे सरकू नये, अशी तरतूद ज्या साधनात होते, त्याच साधनात कारण लिहिल्यावाचून वरिष्ठाचा नकारही पुढे सरकू नये, अशी तरतूद करता येते. ती होत नाही, याचा दोष यंत्राचा नव्हे.