एडिटर, डीबगर आणि देवनागरीचा स्तंभ

एडिटर आणि डीबगर हे दोन स्वतंत्र प्रोग्राम. प्रोग्राम कुठे थांबला आहे, हे डीबगर सांगतो आणि एडिटर त्याप्रमाणे कर्सर नेऊन ठेवतो. हा निरोप कोणत्या साच्यात द्यायचा, एवढ्यावर त्यांची जुळणी टिकून असते.

इमॅक्स हा एडिटर आणि जीडीबी हा डीबगर यांनी यासाठी साधी खूण ठरवली. ‘फुलनेम’ पर्याय दिला की जीडीबी दोन कंट्रोल-झेड चिन्हे छापतो. त्यापुढे फाइल, ओळ आणि स्थान अपूर्णविरामांनी जोडलेले असतात. पर्लच्या डीबगरनेही हीच खूण उचलली. पायथनचा पीडीबी मात्र माणसाने वाचायची ओळ छापतो आणि इमॅक्स ती नमुन्यावरून ओळखतो. अशी जुळणी फार नाजूक असते. छापील ओळीचे रूप जरा बदलले तरी ती तुटते. विंडोजच्या ‘सी:’मधला अपूर्णविरामही नमुन्यात आधीच धरावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या ‘डीबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉल’ने छापील मजकुराऐवजी जेसन संदेश आणले. सुरुवातीलाच दोन्ही बाजू आपापल्या क्षमता कळवतात. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची जागा) मागितल्यावर डीबगर तो पक्का झाला का आणि प्रत्यक्षात कोणत्या ओळीवर बसला, हे उत्तरात सांगतो. २०२३ च्या अखेरीस आलेल्या जीडीबी १४ मध्ये या प्रोटोकॉलची सोय थेट आहे. नवी जोडणी लिहिणाऱ्याने हाच मार्ग धरावा.

तरीही स्तंभाचा, म्हणजे ओळीतल्या स्थानाच्या मोजणीचा, प्रश्न उरतो, आणि मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना तोच अधिक जाचतो. ‘रत्नागिरी’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो नऊ चिन्हांचा आहे, यूटीएफ-८ मध्ये २७ बाइटचा. प्रोटोकॉल स्तंभ यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतो, म्हणजे येथे नऊ. विम या एडिटरचे स्तंभ आणि पायथनच्या कंपाइलरने नोंदलेली स्थाने बाइटमध्ये असतात. एकाच ओळीत या शब्दानंतर फंक्शनचा कॉल असेल, तर दोन मोजण्यांत १८ चा फरक पडतो आणि खूण भलत्याच ठिकाणी उमटते. केवळ इंग्रजी मजकुरावर चाचणी केली तर हा दोष कधीच दिसत नाही, कारण तिथे सगळ्या मोजण्या सारख्याच येतात.

एका मोजणीतून दुसरीत रूपांतर कोणत्या बाजूने करायचे, हे जोडणीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले असावे. एडिटर किंवा डीबगर यांपैकी कशाचीही आवृत्ती बदलली की देवनागरी नावाच्या फोल्डरमधली, देवनागरी मजकूर असलेली एक फाइल घेऊन ब्रेकपॉइंट, स्टेप आणि स्तंभ तपासावेत. रत्नागिरीतल्या संगणक प्रयोगशाळांनी ही चाचणी आपल्या नेहमीच्या कामात घ्यावी आणि सापडलेले दोष आवृत्ती क्रमांकासह एडिटर आणि डीबगर या दोन्ही प्रकल्पांना कळवावेत.